मालकाने पाना खाली ठेवल्यावर : एका एसी सर्व्हिसचा चौदा वर्षांचा अनुभव

मी कोथरूडमध्ये राहतो. घरात तीन स्प्लिट एसी आहेत आणि सोसायटीच्या कार्यालयात व व्यायामशाळेत मिळून दोन. या पाचही यंत्रांची देखभाल २०११ पासून एकाच ठिकाणी आहे. नेमके बोलायचे तर ती आधी एका माणसाकडे होती आणि आता त्या माणसाच्या व्यवसायाकडे आहे. ग्राहक म्हणून या दोहोंमधला फरक मी सोसलाही आणि पुढे त्याचा फायदाही घेतला, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. व्यवसायाचे नाव मुद्दाम देत नाही. मधल्या तीन वर्षांतल्या तक्रारी मी मालकांना समोर बसवून सांगितल्या आहेत, त्यांनी त्या ऐकूनही घेतल्या आहेत, आणि आता त्या नावानिशी चव्हाट्यावर मांडणे मला बरे वाटत नाही. तरीही कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात असे काम करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या कुणाला घरात घ्यावे हे ठरवताना पुढचा मजकूर उपयोगी पडावा.

निकाल आधीच सांगून टाकतो. यंदाच्या मार्चमधल्या सर्व्हिसिंगला मी पाचापैकी चार गुण देईन. २०१३ साली डोळे मिटून पाच दिले असते, आणि २०१८ साली दोन देतानाही हात आखडला असता.

पहिली ओळख २०११ च्या मे महिन्यातली आहे. झोपण्याच्या खोलीतला एसी नुसता वारा फेकत होता. कंपनीच्या सेवा केंद्रातून आलेल्या माणसाने पाच मिनिटांत कॉम्प्रेसर गेल्याचे सांगून नऊ हजारांचा अंदाज कागदावर लिहून दिला. आमच्या वॉचमनने दुसरा एक नंबर दिला, आणि संध्याकाळी स्प्लेंडरच्या हँडलला अवजारांची पिशवी अडकवून हे गृहस्थ आले. त्यांनी मीटर काढला नाही. बाल्कनीत जाऊन आउटडोअरच्या पत्र्यावर तळहात ठेवला, मला एसी सुरू करायला सांगितले आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. “काका, कॉम्प्रेसर घुमतोय, पण उचलत नाहीये. कॅपॅसिटर बसलाय,” असे म्हणून त्यांनी पिशवीतून तो डबीएवढा भाग काढला. एक-फेज मोटरला सुरुवातीचा जोर देण्याचे काम कॅपॅसिटर करतो आणि उन्हाळ्याच्या तापात तोच आधी मान टाकतो, हे मला त्या दिवशी कळले. एकूण खर्च ४५० रुपये आला. निघता निघता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती पुढे त्यांनाच ऐकवायची वेळ आली : “कुणी दरवर्षी गॅस भरायला सांगितला तर त्याला दारातूनच परत पाठवा. गॅस काय पेट्रोल आहे संपायला? बंद नळीत फिरतो तो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय.”

पुढची पाच वर्षे हेच गृहस्थ येत राहिले. एका यंत्राला ते पाऊण ते एक तास देत. इनडोअरखाली प्लास्टिकची झोळी बांधायची, जेट पंपाने कॉइल, म्हणजे आतली नळ्यांची चळत, धुवायची, ब्लोअरच्या पात्यांत चिकटलेला काळा मळ जुन्या टूथब्रशने काढायचा, आउटडोअरच्या वाकलेल्या पाकळ्या कंगव्याने सरळ करायच्या आणि शेवटी गार हवा येते त्या जाळीखाली हात धरून दोन मिनिटे नुसते उभे राहायचे. त्या हाताला जे कळत असे ते कोणत्याही कागदावर नव्हते. आम्हाला कागद नकोही होता.

अडचण एकच होती : ते मिळत नसत. मे महिन्यात दहा वेळा फोन करावा तेव्हा एकदा उचलला जाई, तोही शिडीवर उभे राहून, मान आणि खांद्याच्या बेचक्यात फोन धरून. “उद्या येतो” याचा अर्थ शुक्रवारनंतर कधीतरी असा घ्यायचा, हे घरात सर्वांना पाठ झाले होते. मी बँकेत कर्जविभागात बरीच वर्षे काढली असल्याने एकदा त्यांच्यासमोरच हिशेब मांडला. पुण्यातला हंगाम मार्चच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत, म्हणजे सुमारे ९० दिवसांचा. एका माणसाकडून दिवसाला पाच कामे. तेव्हाचा दर ४०० रुपये. म्हणजे हंगामभर एकही दिवस आजारी न पडता, एकही लग्न न जेवता राबले तर हाती १,८०,००० रुपये येणार, आणि त्यातून पेट्रोल व सामान वजा जाणार. दर वाढवला तर गिऱ्हाईक कुरकुरणार, तास वाढवले तर पाठ बोलणार. हातात कितीही कसब असले तरी त्या कसबाला दोनच हात आहेत, हे त्यांनाही दिसत होते. २०१६ च्या अखेरीस त्यांनी वारज्यात एक छोटा गाळा घेतला आणि आयटीआय झालेली तीन पोरे कामाला ठेवली.

येथून माझ्या तक्रारींचा काळ सुरू होतो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी सक्तीची, आणि कार्यालयांची कामे हवी असतील तर तेथे बिलावाचून कुणी उभे करत नाही. त्यामुळे कामे वाढवणे भाग, कामे वाढवायची तर पोरे वाढवणे भाग, अशी चक्रे फिरू लागली. दिवसा जागेवर जाऊन काम, संध्याकाळी पोरांनी बिघडवलेले निस्तरणे आणि रात्री बिले, असा मालकांचा दिवस झाला. पोरांना पगार थोडा आणि प्रत्येक कामामागे कमिशन असे. सुट्या भागांवर आणि गॅसवर ते अधिक मिळे. या एका गोष्टीने काय घडू शकते ते एप्रिल २०१८ मध्ये माझ्या हॉलमध्ये घडले.

सर्व्हिसिंगला आलेल्या मुलाने गेज (गॅसचा दाब मोजायचे साधन) लावून “गॅस कमी आहे” असे सांगितले आणि २,२०० रुपयांचा गॅस भरला. सहा आठवड्यांनी खोली पुन्हा गार होईना. दुसरा मुलगा आला आणि त्यानेही तेच केले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एसी तिसऱ्यांदा रुसला तेव्हा मी मालकांना फोन करून त्यांचेच २०११ सालचे वाक्य ऐकवले. ते रात्री साडेनऊला आले, अंगावर दिवसभराची धूळ तशीच. त्यांनी वाटीत साबणाचे पाणी मागितले, ब्रशने नळीच्या जोडावर लावले आणि टॉर्च धरला. नळीचे पसरलेले तोंड धरून ठेवणाऱ्या फ्लेअर नटच्या कडेला एकेक बुडबुडा फुगत होता. नळीचे तोंड पुन्हा पसरून नट घट्ट करायला पंधरा मिनिटे लागली. एका वेळच्या गॅसचे पैसे त्यांनी तिथेच परत केले. दुसऱ्या वेळचे मी मागितले नाहीत, पण विसरलोही नाही. त्याच पावसाळ्यात दुसऱ्या खोलीतल्या पाण्याच्या पाइपाला उतार न दिल्यामुळे भिंतीवर जो ओघळ उमटला, तो रंगाखालून अजूनही दिसतो.

मी तेव्हा पोरांना दोष दिला. आज पाहता दोष तसा त्यांचा नव्हता. गळती शोधायला एक तास लागतो आणि त्याचे कमिशन नाही. गॅस भरायला वीस मिनिटे लागतात आणि त्याचे आहे. शिवाय ‘चांगले काम’ म्हणजे काय हे मालकांच्या तळहातात आणि कानात साठलेले होते, आणि कान उसना देता येत नाही. कर्जविभागात असताना अशा छोट्या धंद्यांचे कितीतरी अर्ज माझ्या टेबलावर आले. गाडीसाठी, यंत्रासाठी, गाळ्यासाठी लोक कर्ज मागत. फोन उचलायला एक शहाणे माणूस ठेवायचे आहे किंवा दोन महिने काम थांबवून पोरांना शिकवायचे आहे, म्हणून कर्ज मागायला कुणीही आले नाही, आणि आले असते तर आमच्या नियमात ते बसलेही नसते.

मार्च २०२० मध्ये, ऐन हंगामाच्या तोंडावर, टाळेबंदी आली. वर्षाची कमाई ज्या तीन महिन्यांत व्हायची ते तीन महिने घरात गेले. मालक नंतर मला म्हणाले की धंद्यातल्या चौदा वर्षांत पहिल्यांदाच एप्रिलमध्ये दुपारी झोपलो, आणि झोप येईना म्हणून वही घेतली. त्या वहीत त्यांनी स्वतःचे काम पायरी पायरीने लिहून काढले. त्यातून जे कार्ड तयार झाले ते आज त्यांच्या प्रत्येक पोराच्या फोनमध्ये आहे, आणि काम संपल्यावर ग्राहकालाही मिळते.

या कार्डावर थोडे थांबायला हवे, कारण माझ्या चार गुणांपैकी दोन तरी त्याचे आहेत. कामाला हात लावण्याआधी चार नोंदी घ्यायच्या : खोलीचे तापमान, जाळीतून येणाऱ्या हवेचे तापमान, विजेचा दाब आणि क्लॅम्प मीटरवर दिसणारा करंट. काम झाल्यावर पंधरा मिनिटे एसी चालवून याच चार नोंदी पुन्हा घ्यायच्या. यंदा माझ्या हॉलच्या जुन्या, बिनइन्व्हर्टरच्या दीड टनी एसीचे आकडे असे होते : आधी खोली ३१ अंश, जाळी २३, करंट ८.४ अँपिअर, नंतर खोली २९, जाळी १८, करंट ७.३. कॉइल स्वच्छ झाली की उष्णता बाहेर टाकायला कॉम्प्रेसरला कमी ओढावे लागते, हे वाक्य मी अनेकदा ऐकले होते, पण अँपिअरमध्ये ते प्रथमच पाहिले. पाण्याच्या पाइपात तांब्याभर पाणी ओतून ते कुठे निघते त्याचा फोटो, कॉइलचा आधीचा व नंतरचा फोटो, आणि गॅस भरायचाच झाला तर गळती कुठे सापडली त्याचा फोटो सक्तीचा. तो फोटो नसेल तर गॅसचे बिल निघतच नाही. २०१८ मध्ये ही एक अट असती तर माझे २,२०० रुपये वाचले असते.

कमिशन बंद झाले. आता पोरांना ठरलेला पगार आहे, आणि ज्या घरातून ३० दिवसांत पुन्हा तक्रार येत नाही त्या घरामागे थोडी रक्कम वरून मिळते. म्हणजे परत न बोलावले जाण्याचे पैसे. यातली मेख अशी की पोरे आता अवघड काम टाळत तर नाहीत ना, हेही पाहावे लागते. मी तसे विचारले तेव्हा मालक हसले आणि “म्हणून कुणाला कुठे पाठवायचे ते पोरे ठरवत नाहीत, ऑफिस ठरवतं,” म्हणाले. हे ऑफिस म्हणजे त्यांच्या पत्नी. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो. फोन त्या उचलतात, सकाळची किंवा दुपारची वेळ देतात आणि पोरगा अर्धा तास उशिरा येणार असेल तर आधी कळवतात. व्यवसायात झालेला सर्वांत मोठा बदल कोणता असे मला विचाराल तर मी कार्डाच्याही आधी वहिनींचा फोन सांगेन.

यंदाच्या सर्व्हिसिंगला मालक स्वतः आले होते, पण काम करायला नव्हे. महिन्यातून काही घरे ते न सांगता तपासतात, त्यात माझा नंबर लागला. नवा मुलगा शिडीवर होता आणि जुना खाली. मालक दोन्ही हात पाठीमागे बांधून दारात उभे. मुलाने झाकण बसवताना एक खाच चुकवली. ती मला चहा ओतता ओतताही दिसली, म्हणजे त्यांना दिसली नसेल असे शक्यच नाही. त्यांचा उजवा हात पाठीमागून सुटला, अर्धा पुढे आला आणि पुन्हा मागे गेला. ते काही बोलले नाहीत. मुलाने झाकण दाबले, ते कुरकुरले, त्याने काढून पुन्हा नीट बसवले. एसी सुरू झाल्यावर तो जाळीखाली हात धरून “दादा, मस्त गार लागतंय,” म्हणाला. मालक म्हणाले, “लागतंय ते नको. आकडा सांग.” ज्या माणसाने चौदा वर्षांपूर्वी मीटर न काढता माझा एसी दुरुस्त केला होता, त्याच्या तोंडून हे ऐकताना मला गंमतही वाटली आणि थोडे वाईटही. पोरे खाली गेल्यावर चहा घेताना ते म्हणाले, “काका, हात शिवशिवतात हो. पण मी शिडीवर चढलो की ती पोरं जमिनीवरच राहतात.”

तांत्रिक बाजूबद्दल आणखी एक नोंद करायला हवी. या धंद्यात जुन्या अनुभवावर फार दिवस निभावत नाही. माझा २०११ मधला एसी आर-२२ गॅसवर चालत असे. हा गॅस ओझोनच्या थराला घातक असल्याने माँट्रियल करारानुसार भारतात २०३० पर्यंत तो मोडीत निघायचा आहे. मग आर-४१०ए आला, ज्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून अधिक असल्याने जुने गेज आणि होज निकामी झाले. आता बहुतेक नव्या यंत्रांत आर-३२ असतो आणि तो थोडासा ज्वलनशील आहे, म्हणजे नळी डाग देऊन जोडायची तर आधी गॅस पूर्ण काढून जागा हवेशीर करावी लागते. ही खबरदारी न घेणारे कारागीर मी आमच्याच इमारतीत पाहिले आहेत. या व्यवसायातली पोरे पावसाळ्यात, कामे रोडावलेली असताना, गाळ्यावर जुन्या यंत्रांवर हे शिकतात. इन्व्हर्टर एसीचा पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, मात्र ते उघडत नाहीत, तो बाहेर पाठवतात आणि तसे आधी सांगतात. सातव्या मजल्यावरच्या आउटडोअरसाठी सेफ्टी बेल्ट आणि आतून दोर धरणारा दुसरा माणूस असल्याशिवाय काम होत नाही. पूर्वी मालक एकटे खिडकीतून अर्धे बाहेर लोंबकळत असत तेव्हा मी डोळे मिटून घेत असे. यासाठी एखादे काम दोन दिवस पुढे गेले तर मी कुरकुर करणार नाही.

पावसाळा आणि दिवाळीनंतरचे रिकामे महिने कसे काढायचे, हा या धंद्यातला खरा प्रश्न आहे, कारण पगार बारा महिने द्यायचे आणि कमाई तीन महिन्यांची. त्यावर त्यांनी वार्षिक करार काढले आहेत. दिवाळीच्या सुमारास करार केला तर दर कमी, आणि वर्षातल्या तीन सर्व्हिसिंगपैकी एकच हंगामात, बाकीच्या दोन ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. आमच्या सोसायटीने असा करार घेतला आहे आणि तो दोन्ही बाजूंना परवडतो. माझी तक्रार कराराच्या कागदाबद्दल आहे. सुटे भाग करारात येतात की नाहीत हे पहिल्या पानावर ठळक लिहायला हवे. ते मागच्या पानावर बारीक अक्षरात आहे, आणि आमच्या खजिनदारांना ते फॅन मोटर बदलल्यावर कळले. मोठ्या कार्यालयांकडून बिले दोन-दोन महिने सुटत नाहीत, म्हणून घरगुती ग्राहकांकडून यूपीआयने जागेवरच पैसे घेतले जातात. त्याला माझी ना नाही, पण काम संपायच्या आत क्यूआर कोड पुढे करण्याची घाई टाळावी.

माणसे टिकत नाहीत, ही दुसरी उणीव. दोन-तीन हंगाम झाले की हात बसलेला मुलगा स्वतःचा धंदा काढतो. आमच्याकडे दोन वर्षे येणारा एक चांगला मुलगा आता शेजारच्या इमारतीत स्वतःच्या नावाने येतो आणि दर शंभर रुपयांनी कमी घेतो. मालक त्याच्याबद्दल वाईट बोलत नाहीत. तेही आपल्या उस्तादाकडून असेच निघाले होते. ग्राहकाला मात्र दर वर्षी नवा चेहरा दिसतो, आणि दार उघडताना ओळखपत्र पाहावे लागते.

कापलेला पाचवा गुण एका आवाजाचा आहे. गेल्या जुलैत अभ्यासिकेतल्या एसीतून रात्री टिक टिक असा आवाज येऊ लागला. पहिली जोडी आली, आकडे घेतले, सगळे उत्तम, तक्रार बंद. दुसरी जोडी आली, तेच. कार्डात आवाजाला रकानाच नव्हता, आणि ज्याला रकाना नाही ते दिसत नाही. तिसऱ्या वेळी मी वहिनींना सांगितले की आता दादांनाच पाठवा. ते आले, खुर्चीवर बसले, दिवा बंद करायला सांगितला आणि मान तिरकी करून ऐकत राहिले, अगदी २०११ सारखे. ब्लोअरच्या टोकाचा रबरी बुश झिजला होता. तो बदलला तेव्हा कुठे खोली शांत झाली.

ज्यांना यंत्र ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी साफ होऊन हवे आहे, पक्के बिल हवे आहे आणि केलेल्या कामाचा पुरावा पाहायला आवडतो, त्यांनी अशा ठिकाणी बिनदिक्कत जावे. सध्या स्प्लिटच्या पूर्ण सर्व्हिसिंगला ६५० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी पडतो. एकटा कारागीर तेच काम चारशे-पाचशेत करतो आणि तो चांगला असेल तर यांच्याहून चांगलेही करतो, फक्त मे महिन्यात तो सापडायला हवा. आता कार्डात ‘आवाज’ असा एक रकाना आला आहे. यंदा मुलाने त्यापुढे ‘नाही’ लिहिले, पण त्या वेळी आमचा मिक्सर चालू होता.